शॉर्ट टर्म मिशनच्या पार्टनरशिप सर्व्हिसचा रिव्ह्यू, यजमान मंडळीच्या बाजूने

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच, आणि तो रागाच्या भरात कापलेला नाही, नीट विचार करून कापलाय.

शॉर्ट टर्म मिशन म्हणजे एका मंडळीची (आम्ही चर्चला मंडळी म्हणतो) टीम दोन-तीन आठवडे परदेशातल्या दुसऱ्या मंडळीकडे जाऊन राहते आणि सेवा करते. त्यांची गाठ घालून देणाऱ्या सर्व्हिसचे रिव्ह्यू शोधायला गेलात तर जवळजवळ सगळे जाणाऱ्या टीमने लिहिलेले सापडतील. ट्रिप मस्त झाली, लोक फार प्रेमळ होते, मुलांनी जाऊच दिलं नाही, वगैरे. पण ज्यांच्याकडे ही टीम येऊन राहते त्यांचं म्हणणं कुठेच दिसत नाही, कारण एकतर आम्हाला कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर घरी आलेल्या पाहुण्याबद्दल वाकडं कोण लिहिणार. म्हणून म्हटलं आपणच लिहू. आमच्या मंडळीत बाहेरून येणाऱ्या टीमांचं मी बघते, म्हणजे राहण्याची सोय, गाडी, दुभाषी, संडेस्कूलचं वेळापत्रक, आजारी पडलेल्याला दवाखान्यात नेणं आणि टीम गेल्यावर मागे जे उरतं ते निस्तरणं, सगळं माझ्याच गळ्यात असतं. त्यामुळे हा रिव्ह्यू प्रार्थनेत सांगायच्या साक्षीसारखा गोड होणार नाही, सॉरी.

सर्व्हिस नेमकी काय करते ते थोडक्यात. एका बाजूला अशी मंडळी जिला दोन-तीन आठवड्यांसाठी टीम पाठवायचीय, दुसऱ्या बाजूला आमच्यासारखी मंडळी जिच्याकडे ही टीम येणार. ही सर्व्हिस दोघांची गाठ घालून देते, जाणाऱ्यांना ऑनलाइन ट्रेनिंग देते, दोघांमध्ये लेखी करार करून घेते, ट्रिप चालू असताना फोनवर एक को-ऑर्डिनेटर देते आणि टीम परत गेल्यावर दोन्हीकडून फीडबॅक घेते. पैसे जाणारी टीम भरते, यजमानाला काही द्यावं लागत नाही. (निदान कागदावर तरी. त्याबद्दल पुढे.)

आमच्या ओळखीच्या एका मंडळीने यांच्याकडे नाव नोंदवलं होतं, तिथून कळलं. त्याआधी टीम यायच्या त्या अशाच, कोणाच्या तरी ओळखीने, एक ईमेल यायचा की आम्ही अमुक महिन्यात येतोय आणि आम्ही हे हे करणार आहोत. म्हणजे प्लॅन तयार, तारखा तयार, टी-शर्ट पण छापून तयार, आणि मग आम्हाला विचारायचं की तुमची हरकत नाही ना. आता यावर काय बोलणार.

तर या सर्व्हिसचं मला सगळ्यात आवडलेलं काय, तर सुरुवात यजमानापासून होते. टीमने काही ठरवायच्या आधी आमच्याकडे एक फॉर्म येतो. नेहमीसारखा 'आपल्या गरजा लिहा' छाप नाही, कारण गरजा लिहा म्हटलं की माणूस मागायच्या मूडमध्ये जातो आणि यादी वाढत जाते. यात पहिला प्रश्न असा होता की तुमच्या मंडळीत सध्या काय चांगलं चाललंय आणि ते कोण चालवतंय, नावानिशी लिहा. दुसरा, टीम आली तर यांच्यापैकी कोणाचं काम अडेल किंवा कोणाची रोजी बुडेल. बांधकाम, रंगकाम, सुतारकाम असलं काही असेल तर ते करणारी माणसं तुमच्याकडे आहेत का आणि असतील तर टीमने ते का करावं. तिसरा, कुठले महिने अजिबात नकोत. आणि सगळ्यात खाली एक चौकोन, 'यंदा टीम नको, पण संबंध चालू ठेवायचेत'. त्यावर खूण केली म्हणून पार्टनरशिप तुटत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं.

हा शेवटचा चौकोन बघून मी दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला. कारण इतकी वर्षं आमच्यासारख्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती, नाही म्हटलं की पुढच्या वर्षीचा निधी गेला ही भीती. आणि ही भीती काही आजची नाही. केनियातल्या प्रेस्बिटेरियन चर्चचे पुढारी जॉन गाटू यांनी १९७१ मध्ये उघडपणे मागणी केली होती की बाहेरून येणारे मिशनरी आणि पैसा काही काळ थांबवा, म्हणजे आफ्रिकेतल्या मंडळ्यांना स्वतःच्या पायावर उभं राहता येईल. १९७४ ला झांबियातल्या लुसाकामध्ये ऑल आफ्रिका कॉन्फरन्स ऑफ चर्चेसनेही तीच हाक उचलली. तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पन्नास वर्षांनी तीच गोष्ट एका फॉर्मच्या तळाशी चौकोनात येऊन बसलीये हे बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

फॉर्म भरल्यावर को-ऑर्डिनेटरचा फोन आला आणि तिने एक हुशारी केली. पाळकसाहेबांशी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलून झाल्यावर म्हणाली, आता संडेस्कूलच्या शिक्षकांशी वेगळं बोलू दे, मग महिला मंडळाशी वेगळं, आणि तरुणांशी वेगळं. कारण तिला माहीत होतं की पाळकांसमोर कोणी त्यांचं म्हणणं खोडणार नाही. आणि झालंही तसंच, पाळकसाहेब म्हणाले होते की टीम संध्याकाळी घरोघरी भेटी देईल, आणि महिला मंडळातल्या ताईंनी सरळ सांगितलं की त्या वेळी आम्ही दिवसभराचं काम करून दमलेल्या असतो, पाहुणे दारात आले की उठून उभं राहावं लागतं, सरबराई करावी लागते, तुम्ही दुपारी या किंवा येऊ नका. हे पाळकांच्या समोर कधी निघालं नसतं. को-ऑर्डिनेटरने कोणाचं नाव न घेता भेटी दुपारी घेतल्या, पाळकसाहेबांचाही मान राहिला.

तिची अजून एक पद्धत लक्षात राहिली. ती कधीच 'हे चालेल का' असं विचारायची नाही. चालेल का म्हटलं की आम्ही चालेलच म्हणणार, घरी येणाऱ्याला नाही कोण म्हणतं. ती विचारायची, सकाळची मीटिंग ठेवू की मुलांचा वर्ग, दोन्हीपैकी एकच जमणार आहे, तुम्ही सांगा. आता यात कोणाला नाही म्हणावं लागत नाही, फक्त निवडावं लागतं. एडवर्ड हॉल नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने कधीच मांडून ठेवलंय की काही समाजांत बोललेल्या शब्दांपेक्षा न बोललेलंच जास्त असतं आणि काही समाजांत जे आहे ते तोंडावर बोलतात. ट्रेनिंगमध्ये टीमला ही थिअरी शिकवतात म्हणे. पण थिअरी शिकून आलेल्या टीम मी पाहिल्यात, वहीत लिहून घेतात आणि इथे येऊन परत चालेल का विचारतात. प्रश्न विचारायची ही युक्ती त्याहून कितीतरी कामाची.

आता टीम आली तेव्हाचं. सगळं लिहीत नाही, संडेस्कूलचं तेवढं सांगते कारण तिथे फरक डोळ्यांनी दिसला.

आधी व्हीबीएस (सुट्टीतली मुलांची बायबल शाळा) म्हणजे काय व्हायचं, बाहेरची टीम रंगीत सामान घेऊन यायची, पपेट, फुगे, गिटार, ॲक्शन साँग, मुलं बेभान, आणि वर्षभर दर रविवारी त्या मुलांना शिकवणाऱ्या आमच्या ताई मागे भिंतीला टेकून उभ्या. त्यांचं काम काय, तर मुलांना गप्प बसवणं. टीम गेली की पुढच्या रविवारी मुलं विचारणार, आज फुगे नाहीत का, ते अंकल कधी येणार. त्यातल्या एक ताई मला एकदा म्हणाल्या होत्या की टीम गेल्यावर महिनाभर मला वर्गात जायला नको वाटतं. हे कुठल्याही टीमच्या रिपोर्टात कधी आलं नाही, येणार पण नाही.

यावेळी करारातच होतं की वर्ग आमच्या शिक्षिका घेतील आणि टीम मदतनीस म्हणून राहील. आलेल्यांमध्ये एक गिटारवाला मुलगा होता, विशीतला असेल. पहिल्या दिवशी त्याने गिटार काढली आणि मला वाटलं झालं, आता परत तेच. पण तो ताईंच्या शेजारी खाली बसला आणि तुमचं गाणं मला शिकवा म्हणाला. आता आमच्या गाण्याची चाल त्याच्या बोटांना काही जमेना, तो एक ठोका पुढेच पळायचा, मुलं हसून हसून लोळायला लागली, आणि ताई त्याला टाळी वाजवून वाजवून दाखवतायत, नाही, इथे थांब, आता घे, आता घे. शेवटी एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने उठून त्याच्या गिटारच्या लाकडावर हाताने ठेका धरला तेव्हा कुठे त्याला जमलं. त्या आठवड्यात वर्गात मास्तर कोण हे मुलांना एकदाही विचारावं लागलं नाही. सामानही आमच्या ताईंनी ठरवलं होतं, कागद, खडू, दोरी, जे त्यांना नंतरही परवडतं तेवढंच. टीम गेल्यावर पुढच्या रविवारी वर्ग होता तसाच भरला.

अमेरिकेत २००३ पासून शॉर्ट टर्म मिशनसाठी सात मानकं आहेत, त्यातलं एक हेच सांगतं की ट्रिपची आखणी दोन्ही बाजूंनी मिळून करायची. वाचायला साधं आहे. प्रत्यक्षात म्हणजे पाहुण्याने गिटार मांडीवर ठेवून ठोका चुकत बसणं, आणि टीमच्या लीडरने ते बघून घड्याळाकडे न बघणं. आमच्या वेळी लीडर दोन-तीनदा घड्याळ बघत होता हेही नमूद करते.

दुभाष्याबद्दल दोन शब्द. सर्व्हिसने दुभाष्याचं मानधन वेगळं ठरवून दिलं आणि दर अर्ध्या तासाने विश्रांती असं कलम घातलं, हे फारच छान. कारण आमच्याकडे दुभाषी म्हणजे कॉलेजात जाणारा एखादा मुलगा, फुकट, सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि वर पाहुणे त्यालाच बाजारात घेऊन जाणार. संदेश देणाऱ्यांना पण ट्रेनिंग मिळालेलं दिसलं, दोन वाक्यं बोलून थांबत होते. एकजण मात्र विनोद सांगायला गेला. तो विनोद आमच्या पोराने भाषांतर केलाच नाही, नुसतं म्हणाला, ब्रदरांनी विनोद सांगितलाय, हसा. सगळे हसले.

दवाखान्याची बाजू. टीममध्ये एक डॉक्टर आणि दोन नर्स होत्या. सर्व्हिसची चेकलिस्ट इथे कडक आहे आणि असायलाच हवी. बाहेरच्या डॉक्टरला दुसऱ्या देशात लायसन्सशिवाय तपासता येत नाही, परवानगी काढावी लागते, आणि ती निघाली नाही तर तो फक्त इथल्या डॉक्टरांना मदत करणार, एवढं स्वच्छ लिहिलेलं. औषधांचं पण. जागतिक आरोग्य संघटनेच्या गाइडलाइनमध्ये आहे की दान आलेल्या औषधाची मुदत पोचल्यापासून निदान एक वर्ष तरी शिल्लक हवी आणि घेणाऱ्याने मागितलेलंच औषध पाठवावं. हे मी आधी कुठल्याच टीमकडून ऐकलं नव्हतं. आधीच्या काळात आमच्या कपाटात अशा गोळ्या सापडायच्या की ज्यांच्यावरची भाषा कोणाला वाचता येत नाही आणि तारीख तर गेलेलीच. यावेळी को-ऑर्डिनेटरचा प्रश्न होता, बीपीची गोळी महिनाभराची दिलीत, मग पुढच्या महिन्यात हा पेशंट कोणाकडे जाणार, त्या डॉक्टरशी बोललात का. डॉक्टरशी बोलणं झाल्यावर मग शिबिर लागलं. शिबिरात गर्दी कमी झाली, फोटो साधे आले, पण पेशंटचे कागद इथल्या दवाखान्यात राहिले.

अनाथाश्रमात ही सर्व्हिस टीम पाठवतच नाही. आमच्यातल्या काहीजणांना हे टोचलं, मुलांना प्रेम द्यायला कोणी आलं तर काय बिघडलं म्हणून. पण दर पंधरा दिवसांनी नवा माणूस येऊन गळ्यात पडणार आणि निघून जाणार याचा लहान मुलावर काय परिणाम होतो ते एकदा शांतपणे बसून बघा. शिवाय पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून आईबाप असलेली मुलंही आश्रमांत आणून ठेवली जातात हे जगभर दिसलंय. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ च्या कायद्याच्या निमित्ताने अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी ही आधुनिक गुलामगिरीच आहे असं मान्य केलं. या बाबतीत सर्व्हिसला पूर्ण मार्क.

आता कापलेल्या स्टारकडे येते.

पहिली तक्रार पैशाची. यजमानाला काही द्यावं लागत नाही म्हणतात ते खरं पण अर्धंच. टीम किती फी भरते आणि त्यातलं सर्व्हिसकडे किती राहतं, प्रवासाला किती जातं, यजमानाच्या नावावर किती येतं, हा हिशोब आम्हाला दाखवत नाहीत. मागितला तर 'पाठवणाऱ्या मंडळीशी बोला' असं उत्तर. आणि आमचा खर्च कुठे धरलाय? लाइट, पाणी, गाडीचं डिझेल हे तरी बिलात येतं, पण आमची माणसं कामावरून सुट्टी घेऊन थांबतात, त्यांची बुडालेली रोजी कुठल्याच रकान्यात नव्हती. मी तीनदा मेल केल्यावर त्यांनी करारात यजमान-खर्च नावाचा रकाना घातला, तोपर्यंत ट्रिप संपत आली होती. पैसे मिळाले, नाही असं नाही. पण मागून मिळणं आणि आधी धरलेलं असणं यात फरक आहे हो. प्रेषित पौलाने यरुशलेमसाठी वर्गणी नेली तेव्हा मुद्दाम दुसऱ्यांना बरोबर घेतलं, कोणी आपल्याला दोष देऊ नये म्हणून, बायबलमध्ये २ करिंथ ८ मध्ये आहे. तेवढी पारदर्शकता पौलाला जमत होती तर आज ॲप असलेल्यांना का नाही.

आणि पैशाचा विषय निघालाच आहे तर हेही बोलायला हवं. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये कितीतरी टीम घरं बांधायला गेल्या. कर्ट व्हर बीक या संशोधकाने नंतर त्याचा अभ्यास केला, २००६ मध्ये छापून आला. ज्या कुटुंबांची घरं परदेशी टीमने बांधली आणि ज्यांची तिथल्याच संस्थेने आपल्या माणसांकडून बांधून घेतली, दोघांच्या आयुष्यात फरक काही सापडला नाही. आणि जाऊन आलेल्यांच्या देण्यात, प्रार्थनेत, वागण्यात सुद्धा नंतर फार मोठा टिकाऊ बदल दिसला नाही, बोलताना मात्र ते बराच सांगत होते. याचा अर्थ टीम येऊच नयेत असा मी काढत नाही. पण निदान प्रवासावर किती उडतात हे दोन्ही मंडळ्यांना एकाच कागदावर दिसायला हवं, मग पुढच्या वर्षी वीस जण पाठवायचे की चार, हे दोघांना मिळून ठरवता येईल. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ च्या सर्वेक्षणावरून अंदाज काढला होता की एकट्या अमेरिकेतून वर्षाला साधारण १६ लाख चर्च सदस्य अशा परदेशी ट्रिपला जातात. या आकड्याला तिकिटाच्या भावाने गुणून बघा एकदा.

दुसरी तक्रार रिपोर्टची. परत गेल्यावर टीमला जो फॉर्म भरायचा असतो त्यात एक रकाना आहे, किती जणांनी येशूवर विश्वास ठेवण्याचा निर्णय घेतला. मला हा रकाना नको. एकतर दुभाष्यामार्फत झालेल्या सभेत, पाहुण्यांसमोर, हात वर करा म्हटल्यावर लोक हात वर करतात, त्यात काही मानापोटी पण असतात. दुसरं म्हणजे आम्ही ज्या वस्तीत राहतो तिथे शेजारी वेगवेगळ्या श्रद्धांचे आहेत, त्यांच्याशी आमचं रोजचं येणंजाणं आहे, आणि टीम गेल्यावर त्या आकड्याचं उत्तर आम्हाला द्यावं लागतं, त्यांना नाही. २०११ मध्ये वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकनचं आंतरधर्मीय संवादाचं मंडळ आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून, आपल्या विश्वासाबद्दल दुसऱ्यांना सांगताना (आम्ही त्याला साक्ष देणं म्हणतो) कसं वागावं याबद्दल शिफारशी काढल्या. हे तिघं एका टेबलावर बसणं हीच मोठी गोष्ट. त्यात स्पष्ट आहे की गरिबीचा किंवा गरजेचा फायदा घेऊन, पैशाचं किंवा वस्तूंचं आमिष दाखवून कोणाला ओढायचं नाही. सर्व्हिसच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवतात, मला त्याची स्लाइड पण दाखवली. मग स्लाइडमध्ये एक आणि रिपोर्टच्या रकान्यात दुसरं असं कसं चालेल? को-ऑर्डिनेटर म्हणाली पाठवणाऱ्या मंडळ्या आकडा मागतात, देणगीदारांना दाखवायला. कळलं मला. तरी पण काढा तो.

व्हिसाचंही यातच सांगते. बऱ्याच देशांत टुरिस्ट व्हिसावर येऊन धर्मकार्य करायला परवानगी नसते. सर्व्हिसने टीमला हे आधीच लेखी दिलं होतं आणि कोण काय करणार ते व्हिसाप्रमाणे वाटून दिलं होतं. नियम मोडला की पाहुणा विमानात बसून घरी जातो, पोलीस ठाण्यात आम्ही जातो. त्यामुळे याला फुल मार्क, इथे ढिलाई अजिबात नको.

तिसरी तक्रार फोटोंची, ही आता मिटलीये पण लिहिते. करारात होतं की मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय नाहीत, आजारी माणसाचा फोटो नाहीच, आणि टाकण्याआधी आम्हाला दाखवायचे. टीमने पाळलं. पण खुद्द सर्व्हिसच्याच जाहिरातीत आमच्या एका आजींचा फोटो आला आणि खाली लिहिलेलं की यांच्याकडे काहीच नव्हतं. आजींना नातवाने दाखवला. त्यांच्याकडे घर आहे, दोन मुलं आहेत, मंडळीच्या अर्ध्या बाकांचे पैसे त्यांनी दिलेत. मी फोन केला, एका दिवसात काढला, माफीची चिठ्ठी पण आली आणि ती आजींच्या नावाने आली, माझ्या नावाने नाही, हे त्यांनी बरं केलं. आजींनी चिठ्ठी घडी करून बायबलमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी फोटो नीट साडीत काढा म्हणावं.

चौथी सगळ्यात मोठी, आणि खरा स्टार यामुळेच गेला. सर्व्हिसच्या माहितीपत्रकात 'उलटी भेट' असं एक पान आहे, म्हणजे यजमान मंडळीतले लोकही पाठवणाऱ्या मंडळीकडे जाणार, तिथे शिकवणार, तिथल्या घरात राहणार. हे वाचूनच आमच्यातले बरेचजण तयार झाले होते. प्रत्यक्षात अर्ज केले तर व्हिसा नाकारला गेला, बँकेत पुरेसे पैसे दिसत नाहीत म्हणून, आणि सर्व्हिसकडे यावर काहीच तयारी नव्हती. निमंत्रण पत्र कसं असावं, पाठवणाऱ्या मंडळीने खर्चाची हमी कशी द्यावी, किती महिने आधी अर्ज करावा, काहीच नाही. टीम येण्याच्या बाजूला चाळीस पानांची चेकलिस्ट आणि जाण्याच्या बाजूला एक पान, ते पण फोटोवालं. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात देण्याघेण्याची भागीदारी म्हटलंय, त्यातलं आमच्या वाट्याला घेणंच येत राहिलं तर आम्ही कायमचे घेणारेच.

हे दुखणं जुनं आहे. १९१० च्या एडिनबरा मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरायांनी, जे पुढे १९१२ मध्ये भारतातले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले, भरसभेत मिशनरींना सांगितलं होतं की तुम्ही तुमची संपत्ती दिलीत, जीवही दिलात, आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. सभेत बऱ्याच जणांना ते झोंबलं होतं. त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली आणि अजून ब्रोशरमध्ये एक पान.

फीडबॅकच्या फॉर्मबद्दल जाता जाता. यजमानाचा फॉर्म फक्त इंग्रजीत आणि लांबलचक. महिला मंडळातल्या ताई तो भरणार नाहीत, मी भरला तर तो माझा होणार. मी विचारलं व्हॉइस नोट चालेल का, तर हो म्हणाले, आणि मग ताईंनी ज्या व्हॉइस नोट पाठवल्या त्या एकेक ऐकण्यासारख्या. सर्व्हिसने त्या भाषांतर करून पाठवणाऱ्या मंडळीला ऐकवल्या आणि तिकडून उत्तरं आली, ती पण व्हॉइस नोटच. अजून चालू आहे ते प्रकरण, टीम जाऊन बरेच दिवस झाले तरी. हे कुठल्याच पॅकेजमध्ये लिहिलेलं नाही, पण मला विचाराल तर सगळ्यात चांगलं हेच निघालं.

कोणी घ्यावी ही सर्व्हिस? ज्या मंडळीत पाळक आणि बाकीचे एकमेकांशी मोकळं बोलतात त्यांनी जरूर. ज्यांच्यात आधीच दोन गट पडलेत त्यांनी थोडं थांबा, कारण टीम आली की कोणाच्या घरी राहणार यावरूनच पहिली ठिणगी पडते आणि को-ऑर्डिनेटर फोनवरून ती विझवू शकत नाही. एकदा टीम येऊन गेली की विषय संपला असं समजणाऱ्यांसाठी पण ही नाही, कमीत कमी तीन वर्षांचा संबंध धरूनच ते करार करतात. आणि टीम पाठवणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर, फी इतरांपेक्षा जास्त वाटेल, ट्रेनिंगला बरेच शनिवार जातील, आणि इथे येऊन तुम्हाला हवं ते करायला मिळेलच असं नाही. ज्यांना ते जड जाईल त्यांनी दुसरीकडे बघा.

आम्ही पुढच्या वेळी परत यांच्याकडूनच घेणार आहोत, चार माणसांची छोटी टीम, त्यात एक शिवणकाम शिकवणारी आणि एक हिशोब लिहायला शिकवणारा, बाकी दोघं शिकायला. नाव नोंदवणार असाल तर दोन गोष्टी आधीच लेखी मागून घ्या, एक म्हणजे यजमान-खर्चाचा रकाना आणि दुसरी उलट्या भेटीसाठी निमंत्रण पत्राचा नमुना. नमुना तयार करतोय असं मला सांगितलंय, आला की इथेच अपडेट करते, आणि कापलेल्या स्टारचं तेव्हा बघू.